नाटककार आणि विचार : एरिक बेंटली यांच्या ग्रंथकार्याचा परिचय

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या स्त्रीपुरुषांची चरित्रे, कुलवृत्तांत, शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नामावळी आणि वर्षभराच्या कार्याचा अहवाल यांस अग्रस्थान असावे, हे योग्यच आहे. अशा अंकात इंग्लंडात जन्मलेल्या व अमेरिकेत आयुष्य घालविलेल्या एका नाट्यपंडिताच्या ग्रंथांविषयी लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आपल्या मंडळींचे नाटकाचे वेड सर्वश्रुत आहे. स्नेहसंमेलनात इतर कार्यक्रम असोत वा नसोत, नाटक हे हवेच. ज्या घरातील एकाही माणसाने कधी तोंडाला रंग लावला नाही, असे घर आपल्यांत शोधूनच काढावे लागेल. नाटकावर आपले प्रेम आहे; मात्र नाटकाविषयी विचार करण्याची सवय त्या मानाने आपणांस कमी. प्रयोग संपला, पडदा पडला, की ‘छान झाले’ किंवा ‘पडले’ या दोन शब्दांत आपला निकाल लागतो. या दोन शब्दांच्या मधे केवढे विस्तीर्ण क्षेत्र पडलेले आहे, हे ज्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ लेखणी झिजवून दाखविले, त्या एरिक बेंटली यांच्या ग्रंथकार्याचा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

बेंटली यांचा जन्म १४ सप्टेंबर १९१६ रोजी लँकेशायर परगण्यातील बोल्टन या गिरणगावी झाला. गुणवत्तेच्या बळावर शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले व १९३८ साली तेथील पदवीधर झाले. तेथे त्यांना सी. एस. लुइस यांच्यासारख्या व्यासंगी गुरूचा लाभ झाला. पुढे अटलांटिक ओलांडून त्यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात अध्ययन केले आणि १९४१ मध्ये तौलनिक साहित्याचे डॉक्टर होऊन ते अध्यापनाच्या व्यवसायात शिरले. १९४८ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. सुस्थिर प्राध्यापकाचे जीवन जसे असावे तसेच हे आरंभीचे टप्पे दिसतात. परंतु त्यांच्या पहिल्याच ग्रंथाने हा गृहस्थ रुळलेल्या वाटेने जाणारा नाही, हे दाखवून दिले.

‘अ सेंचुरी ऑफ हीरो-वर्शिप’, म्हणजे ‘वीरपूजेचे शतक’, हा तो ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. दुसरे महायुद्ध तेव्हा ऐन भरात होते आणि एका पुढाऱ्याच्या भक्तीने आंधळ्या झालेल्या राष्ट्राने सारा युरोप पेटविला होता. अशा वेळी बेंटली यांनी कार्लाइल, नीत्शे, वाग्नर, स्पेंग्लर, स्टेफान गेओर्ग आणि डी. एच. लॉरेन्स यांच्या लेखनाचा धांडोळा घेतला. आणि बुद्धिमान, संस्कारसंपन्न माणसांनाही अलौकिक पुरुषाच्या चरणी लीन होण्याची ओढ का वाटते, हा प्रश्न विचारला. या लेखकांची सरसकट निंदा करून ते मोकळे झाले नाहीत. त्यांतील खरे तेज कोणते व विष कोणते, हे त्यांनी निवडून पाहिले. हा ग्रंथ नाटकाविषयीचा नव्हे. तथापि त्यांच्या पुढील सर्व लेखनाचे बीज यात आहे. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याच्यासमोरही डोळे उघडे ठेवावयाचे, हे ते बीज होय.

दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ बाहेर पडला. ‘द प्लेराइट ॲज थिंकर’ हे त्याचे नाव. ‘नाटककार : एक विचारवंत’ असे त्याचे मराठी करता येईल. आज हे नाव वाचून कोणी दचकणार नाही. पण त्या काळच्या न्यू यॉर्कच्या रंगभूमीला ते झोंबले. ब्रॉडवे नावाच्या रस्त्याभोवती वसलेली तेथील नाट्यसृष्टी हा मोठ्या भांडवलाचा धंदा होता. नाटक म्हणजे माल, प्रेक्षक म्हणजे गिऱ्हाईक, आणि विचार म्हणजे गल्ल्याला लागलेली साडेसाती, अशीच तेथील अनेकांची समजूत होती. ज्याला विचार करावयाचा आहे त्याने पुस्तक लिहावे, नाटक लिहू नये, असे ते बोलून दाखवीत. बेंटली यांनी उलट बाजूने प्रश्न मांडला. ग्रीकांच्या शोकांतिका विचाराविना उभ्या राहिल्या काय? शेक्सपिअर विचाराविना मोठा झाला काय? मग आधुनिक नाटकानेच बुद्धीशी वैर का करावे?

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. नाटकात विचार असावा म्हणजे पात्रांनी लांबलचक व्याख्याने द्यावीत, असे बेंटली यांचे म्हणणे नव्हे. कथानकाची घडण, पात्रांचा परस्परसंबंध, कोणती गोष्ट दाखवावयाची व कोणती झाकून ठेवावयाची याची निवड, या साऱ्यांतून नाटककार विचार करीत असतो. तत्त्वज्ञ जसा प्रमेयांतून विचार करतो, तसा नाटककार प्रसंगांतून करतो. इब्सेन यांचे ‘अ डॉल्स हाउस’ हे १८७९ सालचे नाटक स्त्रीस्वातंत्र्याचे प्रचारपत्रक म्हणून वाचण्याची तेव्हा रूढी पडली होती. बेंटली यांनी इब्सेनला या प्रचारकाच्या वेषातून बाहेर काढले. भूतकाळात झाकलेले एक रहस्य हळूहळू वर येते, आणि ते वर येता येता नवराबायकोच्या संसाराचा पायाच उघडा पडतो, ही रचनाच तेथे विचार आहे, असे त्यांचे प्रतिपादन. त्याच ग्रंथात त्यांनी आधुनिक नाटकाच्या दोन परंपरा दाखविल्या. एक वास्तवाला जवळ करणारी, दुसरी वास्तवापासून दूर जाऊन संगीत, स्वप्न, प्रतीक व काव्य यांचा आश्रय घेणारी. इब्सेन आणि वाग्नर हे या दोन प्रवाहांचे मूळ पुरुष. आणि पुढे स्ट्रिंडबर्ग, शॉ, पिरांदेल्लो व ब्रेख्त यांच्या लेखनात हे प्रवाह कसे मिसळतात व कसे भांडतात, याचे विवेचन आजही वाचनीय आहे.

हा सिद्धान्त परका म्हणून बाजूस सारण्याजोगा नाही. बेंटली यांना मराठी रंगभूमी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु त्यांचे प्रमेय पडताळून पाहण्यास मराठी रंगभूमीइतके चांगले क्षेत्र क्वचितच सापडेल. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले ते काही रसिकांची दोन घटका करमणूक व्हावी म्हणून नव्हे. अज्ञानाने नाडल्या जाणाऱ्या कुटुंबाचे चित्र उभे करून, विद्या हाच तिसरा डोळा आहे, हा विचार त्यांनी नाट्यरूपाने मांडला. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही आणि पुढे शतकाहून अधिक काळ ते अप्रकाशितच राहिले. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’ने १८९९ साली जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न घराघरांत नेला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त १९०७ सालच्या प्रेक्षकांस महाभारताबरोबरच लॉर्ड कर्झनचा कारभार दिसला, तो सरकारलाही दिसला, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. नुसत्या करमणुकीवर कोणतेही सरकार बंदी घालीत नाही. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने नॉर्वेच्या ब्यर्नसन यांच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी रचलेले ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. जी नीती स्त्रीला लागू तीच पुरुषाला का नसावी, हा त्यातील प्रश्न अनेक घरांत जेवणाच्या पानावर चर्चिला गेला असेल. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त, १९४२ साली, इब्सेनच्या नोराची छाया मराठी उंबरठ्यावर पडली. नाटककार विचार करतो हे आपल्या पूर्वजांनी कृतीने सिद्ध केले होते. बेंटली यांनी त्याचे शास्त्र सांगितले.

१९४७ साली त्यांचा ‘बर्नार्ड शॉ’ हा ग्रंथ निघाला. शॉ म्हणजे विनोदी फटके मारणारा तऱ्हेवाईक म्हातारा, असा त्या वेळी बहुतेकांचा समज होता. त्याच्या विनोदामागे एक सुसंगत विचारपद्धती आहे, दोन विरोधी बाजूंना सारखेच बळ देऊन त्यांची झुंज लावण्याची कला आहे, हे बेंटली यांनी दाखविले. शॉ त्या वेळी नव्वदी ओलांडलेले होते. त्यांनाही हे पुस्तक पसंत पडले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कारण शॉ यांच्याकडून पसंती मिळविणे हे काम सोपे नव्हते.

बेंटली यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा संबंध मात्र जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त यांच्याशी जडला. हिटलरच्या राज्यातून निसटून ब्रेख्त कॅलिफोर्नियात आश्रयास आले होते. तेथे १९४२ साली त्यांची व बेंटली यांची गाठ पडली. ब्रेख्त यांना अमेरिकेत तेव्हा फारसे कोणी ओळखत नव्हते. बेंटली यांनी त्यांची नाटके इंग्रजीत आणण्याचे काम अंगावर घेतले. माया बेंटली यांच्या सहकार्याने केलेला ‘द कॉकेशियन चॉक सर्कल’चा अनुवाद १९४८ साली मिनेसोटा राज्यातील कार्लटन महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणला. मूळ जर्मन नाटकाचा प्रयोग तोवर कोठेही झालेला नव्हता. पुढे जगभर गाजलेल्या नाटकाचा पहिला प्रयोग अनुवादातून, आणि तोही हौशी विद्यार्थ्यांकडून व्हावा, ही घटना हौशी रंगभूमीवर प्रेम करणाऱ्या आपल्या मंडळींनी ध्यानी ठेवावी.

याच नाटकावरून बेंटली यांचा सिद्धान्त चांगला समजावून घेता येतो. एका मुलावर दोन स्त्रिया हक्क सांगतात. न्यायाधीश खडूचे वर्तुळ काढून मुलाला मधे उभे करतो आणि दोघींना त्याला ओढावयास सांगतो. मुलाला इजा होईल म्हणून जी हात सोडते ती खरी आई. ही कथा जुन्या चिनी नाटकात आहे. आपल्या बौद्ध जातककथांतही महोषध पंडिताच्या न्यायाच्या रूपाने ती येते. जुन्या कथेत हात सोडणारी स्त्री ही जन्मदात्री असते. ब्रेख्त यांनी एवढाच पालट केला की, हात सोडणारी स्त्री जन्मदात्री नसून, संकटात त्या मुलाला जिवापाड जपणारी मोलकरीण आहे. आणि मूल तिला मिळते. मालकी कोणाची, जन्माने मिळालेल्याची की जतन करणाऱ्याची, हा केवढा मोठा प्रश्न! आणि तो सारा त्या एका पालटात सामावला आहे. नाटककार प्रसंगांतून विचार करतो म्हणजे काय, याचा याहून सुबोध दाखला आमच्या पाहण्यात नाही.

ब्रेख्त पुढे मराठीतही आले, आणि मोठ्या थाटाने आले. चिं. त्र्यं. खानोलकरांनी या नाटकाचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केले आणि विजया मेहता यांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने १९७३ मध्ये ते सादर केले. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘देवाजीने करुणा केली’ हे ब्रेख्त यांच्या सेत्झुआनच्या भल्या स्त्रीवरून आलेले. पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ साली जब्बार पटेल यांनी ‘थिएटर ॲकॅडमी’तर्फे पुण्यास उभा केला. या तिन्ही मूळ नाटकांच्या इंग्रजी अनुवादांत बेंटली यांचा हात आहे. मराठी प्रयोगांचे श्रेय अर्थातच ज्यांचे त्यांना आहे. परंतु जर्मन न जाणणाऱ्या जगाला ब्रेख्त प्रथम ज्यांच्या हातून मिळाले, त्यांत बेंटली अग्रभागी होते, हे विसरता येत नाही.

आता विशेष सांगण्याजोगी गोष्ट ही की, बेंटली ब्रेख्त यांचे शिष्य झाले नाहीत. १९५० साली म्युनिक येथे ‘मदर करेज’च्या तालमींत त्यांनी ब्रेख्त यांचे साहाय्यक म्हणून काम केले, अनुवाद केले, प्रस्तावना लिहिल्या, गाणी स्वतः पेटीवर बसून म्हणून ध्वनिमुद्रित केली. ब्रेख्त यांना यापलीकडे एक गोष्ट हवी होती. ती म्हणजे त्यांच्या राजकीय मताचा स्वीकार. ती बेंटली यांनी दिली नाही. ‘द ब्रेख्त मेम्वार’ या १९८५ सालच्या आठवणींत त्यांनी मित्राची थोरवी सांगितली, त्याचबरोबर त्याचा हेकटपणा आणि माणसांचा उपयोग करून घेण्याची वृत्तीही लपविली नाही. वीरपूजेच्या शतकाचा अभ्यास केलेल्या पुरुषास हेच शोभून दिसते.

१९५२ ते १९५६ या चार वर्षांत ते ‘द न्यू रिपब्लिक’ या साप्ताहिकाचे नाट्यपरीक्षक होते. त्या लेखांचे संग्रह ‘द ड्रॅमॅटिक इव्हेंट’ व ‘व्हॉट इज थिएटर?’ या नावांनी निघाले. परीक्षकाच्या आसनावर बसून सर्वांशी गोड राहता येते. त्यासाठी दोन-चार ठराविक वाक्ये पाठ असली म्हणजे पुरते. बेंटली यांनी तसे केले नाही. आर्थर मिलर आणि टेनेसी विल्यम्स हे तेव्हाचे दोन अग्रगण्य नाटककार. त्या दोघांनीही यांच्या लिखाणावरून कोर्टात खेचण्याची धमकी दिली होती.

मिलर यांचे ‘द क्रूसिबल’ १९५३ साली रंगभूमीवर आले. १६९२ साली सेलम गावी चेटकिणी म्हणून निरपराध माणसांना फाशी देण्यात आले, त्याची ही कथा. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकेत त्या वेळी चाललेल्या छळाला उद्देशून ती लिहिली आहे, हे कोणासही कळत होते. बेंटली यांनाही तो छळ घृणास्पदच वाटत होता. नाटक आपल्या पक्षाचे. तेव्हा वाहवा करून मोकळे होणे सोपे होते. तरीही त्यांनी आक्षेप घेतला, की चेटकिणी जगात नव्हत्याच, पण कम्युनिस्ट तर होते. तेव्हा ही तुलना अपुरी आहे, आणि नायकाला सर्वस्वी निष्पाप ठरविल्याने खरा अवघड प्रश्न नाटकाच्या बाहेरच राहतो. ज्याची मते आपणांस अमान्य आहेत, त्याचाही न्याय्य हक्क राखणे ही खरी कसोटी, आणि त्या कसोटीला नाटक उतरत नाही, असा त्यांचा आशय होता. हा आक्षेप सर्वांना पटला नाही, आजही पटत नाही. ‘द क्रूसिबल’ जगभर होत राहिले आहे. परंतु स्वपक्षाच्या कृतीलाही हाच मापदंड लावणारा परीक्षक किती दुर्मिळ, हे आपण जाणतोच.

युजीन ओनील यांच्याविषयीचा त्यांचा १९५२ सालचा निबंध याहून बोलका आहे. ओनील हे १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळविलेले, अमेरिकेचे भूषण. बेंटली यांनी निबंधाला नाव दिले ‘ट्राइंग टु लाइक ओनील’, म्हणजे ओनील आवडावेत म्हणून केलेला प्रयत्न. हा प्रयत्न खुर्चीत बसून केलेला नव्हता. झुरिच येथे ‘द आइसमन कमेथ’च्या जर्मन प्रयोगाच्या दिग्दर्शनात त्यांनी स्वतः भाग घेतला, मजकुराची काटछाट केली, नाटकाच्या आत शिरून पाहिले, आणि नंतर सांगितले की, नाट्याची जाण येथे खरी आहे, परंतु खोल होण्याच्या हव्यासात भाषा साथ देत नाही. दोष दाखविण्यापूर्वी कृतीसाठी एवढे कष्ट घेणाऱ्याचा दोष दाखविण्याचा अधिकार कोण नाकारील?

१९५३ पासून ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नाट्यवाङ्मयाचे ब्रँडर मॅथ्यूज प्राध्यापक होते. या काळातील त्यांचे एक काम प्रसिद्धीच्या झोतात फारसे आले नाही, पण आम्हांस ते फार मोलाचे वाटते. ‘द मॉडर्न थिएटर’ सहा खंडांत, ‘द क्लासिक थिएटर’ चार खंडांत, शिवाय ‘फ्रॉम द मॉडर्न रेपर्टरी’च्या तीन मालिका, असे युरोपीय नाटकांचे संग्रह त्यांनी संपादून दिले. उत्तम नाटक करावे असे म्हणणे सोपे. पण संहिताच हाती नसेल तर करणाऱ्याने काय करावे? महाविद्यालयीन नाट्यमंडळांना व हौशी संघांना या खंडांनी दारोदार न फिरता संहिता मिळवून दिल्या.

१९६० ते ६१ या वर्षी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना नॉर्टन व्याख्यानांसाठी पाचारण केले. त्या व्याख्यानांतून १९६४ सालचा ‘द लाइफ ऑफ द ड्रामा’ हा ग्रंथ सिद्ध झाला. आमच्या मते हाच त्यांचा परिपक्व ग्रंथ. कथानक, पात्र, संवाद, विचार आणि प्रयोग ही नाटकाची अंगे त्यांनी पूर्वार्धात घेतली. उत्तरार्धात मेलोड्रामा, फार्स, शोकांतिका, सुखांतिका व शोक-सुखांतिका हे प्रकार घेतले. सोंग घेणारा, ज्याचे सोंग घ्यावयाचे तो, आणि ते पाहणारा, असे तीन पक्ष जुळले की नाट्य घडते, इतक्या साध्या पायावर त्यांनी ही इमारत रचली आहे. या क्रमात मेलोड्रामा आणि फार्स हे हलके समजले गेलेले प्रकार त्यांनी आरंभी ठेवले, हे विशेष. अश्रू ढाळणे म्हणजे अडाणीपणा, असे पंडित मंडळी मानीत. बेंटली म्हणतात की, स्वतःविषयी वाटणारी करुणा, काळोखाचे भय, दुष्टाचा नायनाट व्हावा ही आस, या बालपणापासूनच्या भावना खऱ्याच आहेत आणि मेलोड्रामा त्यांनाच वाट करून देतो. फार्सचेही तसेच. घर, लग्न, वडीलधारे यांविषयी मनात दडपून ठेवलेला राग स्वप्नात जसा निर्धोकपणे बाहेर पडतो, तसा तो फार्समध्ये पडतो. आणि म्हणूनच तो पाहून आल्यावर आपण घरी अधिक शहाण्यासारखे वागतो. जुन्या मराठी नाटक मंडळ्या पौराणिक आख्यान झाल्यावर रात्री फार्स लावीत आणि प्रेक्षक त्यासाठी जागत बसत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या त्या आवडीस एवढे सशास्त्र समर्थन मिळेल, हे त्यांच्या स्वप्नीही आले नसेल.

यानंतर बेंटली यांनी घेतलेले वळण अनेकांना अनाकलनीय वाटले. १९६७ सालच्या ‘द थिएटर ऑफ कमिटमेंट’ या ग्रंथात नाटककाराने आपल्या काळाशी बांधिलकी मानावी, हा विचार त्यांनी मांडला होता. व्हिएतनामच्या युद्धाने व विद्यार्थ्यांच्या चळवळीने अमेरिका ढवळून निघाली असता, १९६९ साली त्यांनी कोलंबियाचे मानाचे पद सोडले आणि स्वतः नाटके लिहिण्याचे ठरविले. त्याच सुमारास, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आपण समलिंगी आहोत हेही त्यांनी उघडपणे सांगितले. दोन विवाह झालेल्या, मुले असलेल्या प्रतिष्ठित प्राध्यापकास त्या काळी हे उच्चारण्यास किती धैर्य लागले असेल, याची कल्पना प्रतिष्ठेला जपणाऱ्या आपणांसारख्या कुटुंबवत्सल माणसांस सहज यावी. इतरांच्या लेखनात सत्याचा आग्रह धरणाऱ्याने तोच आग्रह स्वतःच्या आयुष्याला लावला, असेच आम्ही त्याकडे पाहतो. ऑस्कर वाइल्ड यांच्या जीवनावरील ‘लॉर्ड आल्फ्रेड्स लव्हर’ हे १९७९ सालचे नाटक या अनुभवाशी निगडित आहे.

१९७१ साली त्यांनी ‘थर्टी इयर्स ऑफ ट्रीझन’ हा प्रचंड संग्रह प्रसिद्ध केला. अमेरिकन लोकप्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने १९३८ ते १९६८ या काळात लेखक, नट व दिग्दर्शक यांना बोलावून ज्या साक्षी घेतल्या, त्यांतील निवडक साक्षी यात आहेत. ‘तुम्ही कम्युनिस्ट आहात काय? पूर्वी कधी होता काय?’ असा प्रश्न समोर आला की कोणी मित्रांची नावे सांगून आपली नोकरी वाचविली, कोणी मौन धरून तुरुंग पत्करला. या साक्षींतूनच पुढच्या वर्षी त्यांनी ‘आर यू नाऊ ऑर हॅव यू एव्हर बीन’ हे नाटक रचले. त्यातील शब्द प्रत्यक्ष साक्षीदारांचे, निवड व मांडणी बेंटली यांची. नाटककार निवडीतून विचार करतो, हा तरुणपणी मांडलेला सिद्धान्त त्यांनी साठीकडे झुकताना असा करून दाखविला.

त्यांच्या कार्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. न सांगितल्यास त्यांच्याच शिकवणीचा भंग होईल. त्यांची दृष्टी मुख्यत्वे युरोप व अमेरिकेपुरती राहिली. त्यांनी लिहिलेल्या नाटकांत साक्षींवरील ते एक सोडले, तर इतरांना त्यांच्या समीक्षेची उंची लाभली नाही. लोकप्रिय नाटकांविषयी त्यांचा स्वर कधीकधी अकारण तिखट होई. हे सारे मान्य करूनही, ५ ऑगस्ट २०२० रोजी वयाच्या १०३ व्या वर्षी न्यू यॉर्क येथे ते निवर्तले तेव्हा, नाटकाकडे गंभीरपणे पाहावयास दोन-तीन पिढ्यांना शिकविणारा आचार्य गेला, असेच म्हणावे लागेल.

आता वाचक बंधुभगिनींस एक विनंती. आपल्या संस्थांत परस्परांचे कौतुक करण्याची प्रथा आहे. तिच्यामुळे माणसे जवळ येतात, नवोदितांस हुरूप येतो. ती मोडावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु नाटक ही करमणूक एवढेच मानले तर खोट्या कौतुकाने कोणाचे फारसे बिघडत नाही. नाटक हा विचार आहे असे मानले, की खोटे कौतुक म्हणजे विचाराशी केलेली प्रतारणा ठरते. आपल्या ज्ञातीतील एखादा तरुण किंवा तरुणी हुंडा, घरातील वृद्धांची परवड, जातीबाहेरचा विवाह, असे विषय घेऊन स्नेहसंमेलनासाठी एकांकिका लिहिते. आपण टाळ्या वाजवितो, श्रीफळ देतो, आणि ती एकांकिका आपल्याविषयीच काही विचारीत होती हे जेवणाच्या पंगतीत विसरून जातो. लेखकाचा याहून मोठा अपमान नाही. त्यापेक्षा कोणी उठून ‘तिसऱ्या प्रवेशात तू प्रश्न टाळलास’ असे प्रेमाने सांगितले, तर त्याच्या पदरी काहीतरी पडेल.

मंडळाच्या ग्रंथालयात नाटकांच्या संहितांसाठी एक स्वतंत्र कपाट असावे. वर्षातून दोनदा तरी नाटकाचे सामुदायिक वाचन व्हावे. आणि स्नेहसंमेलनात होणाऱ्या प्रयोगाचे निर्भीड परीक्षण पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापले जावे, एवढे तीन संकल्प कार्यकारी मंडळाने विचारात घ्यावेत. खर्च थोडा आहे. परीक्षण लिहिणाऱ्याने मात्र आधी संहिता दोन वेळा वाचावी आणि तालमीलाही जाऊन बसावे. झुरिचला जाऊन ओनील आवडावेत म्हणून धडपडणाऱ्या पंडिताचा कित्ता त्याने गिरवावा. इत्यलम्.